देव ताम्हणात, तारीख बुलेटिनमध्ये

न्यू जर्सीहून एका भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांचा ग्रीन कार्डाचा (अमेरिकेतल्या कायम वास्तव्याच्या परवान्याचा) वर्ग ईबी-२, म्हणजे नोकरीच्या आधारावरचा उच्चशिक्षितांचा, आणि प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, ऑगस्ट २०१४ची. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली हे सांगणारे अमेरिकन सरकारचे व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येण्याच्या सुमारास त्या देवघरातला पितळी गणपती ताम्हणात पाण्यात ठेवतात, आणि तारीख सरकली नाही तर तो पुढच्या बुलेटिनपर्यंत तसाच पाण्यात राहतो. आता एका परिचितांच्या सांगण्यावरून ईबी-३मध्ये, म्हणजे पदवीधर आणि कुशल कामगारांच्या वर्गात, जाण्याचा त्यांचा विचार आहे. देवाच्या वेळेची वाट किती पाहायची, असे त्या विचारतात.

ताई, नोकरीच्या आधारावर मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० असतात. त्यांत अर्जदारांचे जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक येत नाहीत. आपली रांग या हिशेबामुळे लांबली आहे. उपासनेत काही उणे राहिले असेल, अशी जी खंत आपल्या पत्रात ओळीओळीत जाणवते, ती मनातून काढून टाकावी.

वर्ग बदलण्याचा मोह नवा नाही. ऑक्टोबर २०२०च्या बुलेटिनमध्ये भारतीयांसाठी ईबी-३ची अर्ज भरण्याची तारीख जानेवारी २०१५पर्यंत आली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी ईबी-२ची मंजुरी हाती असताना ईबी-३मधून अर्ज भरले. पुढे २०२२च्या उन्हाळ्यात ईबी-२ डिसेंबर २०१४पर्यंत धावली आणि ईबी-३ मात्र २०१२मध्येच अडकून राहिली. मग पुन्हा ईबी-२कडे वळवून घेण्यासाठी विनंत्या सुरू झाल्या, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या बुलेटिनमध्ये ईबी-२ ऑक्टोबर २०११वर मागे आली. गावाकडे याला दुबार पेरणी म्हणतात. अर्थात, त्या अर्जांमुळे अनेकांना कामाचा परवाना आणि प्रवासाचा कागद मिळाला, आणि तेवढ्यासाठीच विचारपूर्वक अर्ज करणारे माझ्या पाहण्यात तरी पस्तावले नाहीत. पस्तावले ते शेजाऱ्याने भरला म्हणून भरणारे.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, असे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. खरे तर पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. एकविसाव्या वर्षानंतर मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. त्याचे वय कायद्याच्या हिशेबाने कसे धरले जाईल, आणि त्याच्यासाठी विद्यार्थी व्हिसाची वेगळी वाट कधी धरावी लागेल, हे वकिलांना आत्ताच विचारणे म्हणजे उतावीळपणा नव्हे. वर्ग बदलण्याचा निर्णयही त्या उत्तरानंतरच घ्यावा. तारीख कधी सरकेल ते देवावर सोडता येते, मुलाच्या वयाचा हिशेब सोडता येत नाही.

राहिला ताम्हणाचा प्रश्न. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतला होता म्हणून विठोबा विटेवर उभा राहिला आणि अजून उभा आहे, असे आपण पोरांना सांगतो. ज्या घरात ही कथा सांगितली जाते, त्या घरात देवाला महिन्या-महिन्याची मुदत घालावी, हे मला रुचत नाही, आणि आपल्यालाही रुचत नसावे, म्हणूनच आपण हे पत्र लिहिले असावे. एवढे दिवस पाण्यात राहून पितळ काळवंडले असेल. आज संध्याकाळी मूर्ती बाहेर काढून चिंचेने हलक्या हाताने घासावी, कोरडी करून, गंध लावून जागेवर ठेवावी, आणि सोमवारी सकाळी वकिलांना फोन करावा.