नवा पीसी बटणाने सुरू होतो, पण रिस्टार्ट केला की काळ्या स्क्रीनवर अडकतो. कोणता पार्ट परत करू?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: रायझन ५ ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ६००० ची १६ जीबीच्या दोन स्टिकची किट, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज ११. बटण दाबलं की मशीन व्यवस्थित सुरू होतं, गेमही चालतात. रिस्टार्ट दिला की स्क्रीन काळी पडते, पंखे फिरत राहतात आणि बटण दाबून धरून बंद करावं लागतं. पुन्हा चालू केलं की सगळं ठीक. दुकानदार म्हणतो पॉवर सप्लाय बदला.

आत्ता काहीच परत करू नका. पॉवर सप्लाय तर नाहीच. रिस्टार्टमध्ये सप्लाय साधारणपणे बंदच होत नाही, बोर्ड फक्त रीसेटचा सिग्नल देतो. पंखे फिरताहेत म्हणजे १२ व्होल्टची वीज पोचतेय. पंखे थांबले आणि मागचा खटका बंद-चालू केल्याशिवाय मशीन उठलंच नाही, तर सप्लायचं प्रोटेक्शन पडतंय असं समजून त्याच्याकडे किंवा एखाद्या शॉर्टकडे बोट दाखवता येतं. तुमचं लक्षण ते नाही.

माझा संशय रॅमवर आहे. रॅम खराब आहे असं नव्हे. ती ज्या वेगाने चालवली जातेय आणि बोर्ड तिला रिस्टार्टच्या वेळी जसं ओळखतो, त्यात गोची असावी. पण आधी एक गोष्ट पक्की करा: अडकतंय कोण? विंडोज बंद होताना अडकतंय, की विंडोज नीट बंद झाल्यावर बोर्ड उठत नाही? हे न बघता पार्ट बदलत बसलात तर पैसे आणि रविवार दोन्ही जातील.

पहिली परीक्षा संयमाची. रिस्टार्ट द्या, स्क्रीन काळी पडली की घड्याळ लावा आणि १५ मिनिटं बटणाला हात लावू नका. एएम५ (म्हणजे तुमच्या रायझनचं सॉकेट) असलेला बोर्ड सुरू होताना रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक सिग्नलचं टायमिंग जुळवून बघतो. या वेळात स्क्रीन काळी असणं आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असणं हे नॉर्मल आहे. पहिल्या बूटला किंवा सेटिंग बदलल्यावर त्याला काही मिनिटं लागू शकतात, चार स्टिक असतील तर आणखी. पुष्कळ जण दुसऱ्याच मिनिटाला घाबरून बटण दाबून धरतात. ट्रेनिंग अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

वाट बघताना दोन गोष्टी पाहा. बहुतेक बोर्डांच्या कडेला सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं) असे चार छोटे दिवे असतात. त्यातला कोणता पेटून राहिलाय ते लिहून ठेवा, सगळा पुढचा तपास त्यावर आहे. आणि कीबोर्डवरचं नमलॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का पाहा. बदलत असेल तर मशीन उठलंय आणि फक्त चित्र येत नाहीये. मग केबल बदला, डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय लावून पाहा, मॉनिटरमधलं डीप स्लीप बंद करा.

दुसरी परीक्षा विंडोजला बाजूला ठेवून. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा, काहीही न बदलता तिथूनच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा. काही बोर्ड हे ऐकत नाहीत, तर 'बदल सेव्ह न करता बाहेर पडा' हा पर्याय घ्या. असं सात-आठ वेळा करा. इथेही अडकलं तर विंडोज निर्दोष आहे, ती पुन्हा इन्स्टॉल करण्याच्या भानगडीत पडू नका.

तिसरी, नोंदी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या अ‍ॅपमध्ये विंडोज लॉग्ज उघडा, त्यात सिस्टम. रिस्टार्ट दिला त्या वेळेजवळ १०७४ (कोणी बंद करायला सांगितलं) आणि ६००६ (लॉग सेवा नीट थांबली) दिसतात का बघा. दोन्ही असतील आणि पुढच्या बूटला ४१ किंवा ६००८ नसेल, तर विंडोज स्वच्छ बंद झाली होती आणि अडकला तो बोर्ड. ६००६ नाही आणि नंतर ४१ आहे, तर विंडोजच मधे लटकली. (४१ म्हणजे पॉवर सप्लाय खराब, असं जिथेतिथे सांगतात. ४१ एवढंच म्हणतो की मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी तीच नोंद येते.)

आता मुख्य शक्यता: डीरॅमचा दिवा पेटलाय आणि बायोसमधूनही अडकतंय. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला बॉक्सवरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा. रॅम तिच्या मूळ वेगावर, म्हणजे बहुधा ४८०० वर आणि १.१ व्होल्टवर येईल. सेव्ह करा, एकदा ट्रेनिंग होऊ द्या, मग दहा वेळा रिस्टार्ट करा. दहाही वेळा उठलं तर दोषी सापडला. बॉक्सवर ६००० छापलेलं असलं तरी ७६०० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० आहे. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग. ६००० बहुतेकांकडे चालतं, म्हणून तो हक्क वाटायला लागतो.

मग बटणाने का सुरू होतं आणि रिस्टार्टला का नाही? बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर नावाची सेटिंग असते. ती चालू असेल तर बोर्ड दर वेळी ट्रेनिंग न करता मागचे आकडे जपून तेच वापरतो; बूट लवकर होतं. पण गेम खेळून तापलेली रॅम आणि सकाळच्या गार मशीनवर काढलेले आकडे यांचं जमलं नाही, तर अडकतं. शिवाय रिस्टार्टमध्ये स्टिकची वीज तुटत नाही, त्यामुळे पूर्ण बंद-चालू केल्यावर मिळते ती कोरी सुरुवातही तिला मिळत नाही.

तपासायला एक्स्पो पुन्हा चालू करून मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर डिसेबल करा. प्रत्येक बूट रेंगाळेल, पण रिस्टार्ट दर वेळी जमला तर कारण हेच. त्यावर कायमचा इलाज म्हणजे बायोस अपडेट. एएम५ च्या रॅम हाताळणीत २०२२ पासून बायोसमधूनच खूप सुधारणा झाल्या आहेत आणि नव्या बोर्डावर कारखान्यातलं जुनं व्हर्जन असणं अगदी शक्य आहे. अपडेटनंतर ही सेटिंग चालू करायची असेल तर पॉवर डाउन एनेबल हीसुद्धा चालू ठेवा. पहिली चालू आणि दुसरी बंद, ही जोडी निळ्या स्क्रीनसाठी बदनाम आहे.

अपडेट करताना घाई नको. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ आकडी रिकव्हरी की मोबाइलमध्ये किंवा कागदावर घ्या. विंडोज ११ अनेकदा न विचारता डिस्क एन्क्रिप्ट करते, आणि बायोस बदलला की तीच की मागू शकते. मग बायोस डिफॉल्टवर आणा, म्हणजे एक्स्पोही बंद होईल. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइल तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची घ्या. शेवटचं एखादं अक्षर वेगळं म्हणजे बोर्ड वेगळा. तुमच्याकडे वीज जाते-येते तर यूपीएस लावूनच करा.

अपडेटनंतरही ६००० वर अडकत असेल तर एक्स्पो ठेवून फक्त वेग ५८०० किंवा ५६०० करा. फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही. सीपीयूचं एसओसी व्होल्टेज (त्यातल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) वाढवून जबरदस्ती करू नका. २०२३ मध्ये काही रायझन ७००० चिप जळाल्यावर तिथे १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली, ती उगाच नाही. स्थिर झालं असं वाटलं की मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवा, चारही फेऱ्या. एकसुद्धा एरर चालणार नाही.

स्टिक बसवण्यातली चूकही इथेच पकडा. सीपीयूपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, म्हणजे ए२ आणि बी२. आणि किट म्हणजे एका डब्यातल्या दोन स्टिक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक आज आणि तसलीच एक महिन्याने घेतली, तर ती किट नव्हे. आतल्या चिप वेगळ्या असू शकतात.

दिवा व्हीजीएचा असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून एचडीएमआय केबल बोर्डाच्या मागे लावा. ७६०० ला स्वतःचे साधे ग्राफिक्स आहेत (७५०० एफ ला नाहीत, तिथे ही युक्ती चालणार नाही). कार्डाशिवाय रिस्टार्ट जमला तर स्लॉटचा पीसीआयई वेग ऑटोवरून जेन ४ किंवा जेन ३ करा. कार्ड उभं लावलं असेल तर रायझर केबलच (कार्ड बोर्डाला जोडणारी पट्टी) दोषी धरा आणि कार्ड थेट बोर्डात बसवून पाहा.

दिवा बूटचा असेल तर कीबोर्ड आणि माउस सोडून सगळं यूएसबी काढा. बाहेरची हार्ड डिस्क आणि हब आधी. तरी अडकलं तर त्या क्षणी बायोसमध्ये जाऊन एनव्हीएमई एसएसडी दिसतेय का पाहा. रिस्टार्टनंतर गायब आणि पूर्ण बंद करून चालू केल्यावर हजर असेल, तर तिचं फर्मवेअर अपडेट करा किंवा ती दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये लावा.

नोंदींवरून विंडोजच लटकतेय असं दिसलं तर एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर ताजे घाला, बोर्डासोबत आलेली दिव्यांची आणि पंख्यांची सॉफ्टवेअर काढून टाका. फास्ट स्टार्टअप बंद करा हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. त्याचा संबंध शट डाउनशी आहे. रिस्टार्टमध्ये तो वापरलाच जात नाही. तुलना करायला पूर्ण शट डाउन हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा.

परत करण्याची वेळ कधी? बायोस ताजा, एक्स्पो बंद, एकच स्टिक ए२ मध्ये, मग दुसरी एकटी ए२ मध्ये. एकीवर अडकतं आणि दुसरीवर नाही, तर अख्खी किट बदलून घ्या. दोन्हींवर अडकतं, तर बोर्ड किंवा सीपीयू. ए२ मध्ये चालतं पण बी२ मध्ये त्याच स्टिकवर नाही, तर आधी कूलर उतरवा. स्क्रू एका बाजूला जास्त आवळला गेला की रॅमचं एक चॅनेल रुसू शकतं. समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने आवळायचे. एएम५ च्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, सीपीयूवर नव्हे. बोर्ड दुकानात देण्यापूर्वी सॉकेटचा जवळून फोटो काढा आणि त्यावर काळं प्लास्टिकचं झाकण लावूनच द्या, नाहीतर वाकलेली पिन तुमच्या नावावर लागते.

हे करून पेटलेला दिवा, नोंदींचे आकडे, बायोसचं व्हर्जन आणि रॅमच्या स्टिकरवरचा पूर्ण पार्ट नंबर इथे कमेंटमध्ये टाका, मग नेमक्या सेटिंगचं बोलू.