बंगाली गावांतील कागदपत्रांचे काम नव्याने हाती घेणाऱ्यास
गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावे आहेत. तेथे काम सुरू करताना, अर्ज लिहिण्याआधी प्रत्येक कुटुंबाचा प्रवास क्रमाने समजून घ्या. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोणाला आश्रय द्यायचा, कोणाला कुठे वसवायचे, हे त्या त्या वेळच्या सरकारी निर्णयांनीच ठरत गेले. 1964 नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली अनेक कुटुंबे आधी रायपूरजवळच्या माना शिबिरात राहिली आणि तेथून निरनिराळ्या वसाहतींत पाठवली गेली.

घरातील पत्र्याची पेटी उघडून घेऊन शिबिराचे कार्ड, जमीनवाटपाचा आदेश आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकच आडनाव कार्डावर बिस्वास आणि सातबाऱ्यावर विश्वास असे दिसले, तर घाईने प्रतिज्ञापत्र करू नका, आधी मूळ नोंदीची नक्कल मागा. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या नोंदींसाठी चंद्रपूरलाही विचारणा करावी लागते, आणि हे नवख्या माणसाच्या हमखास ध्यानात राहत नाही.

26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती सर्वसाधारणपणे जन्मानेच नागरिक ठरते. त्यानंतर, 3 डिसेंबर 2004 पूर्वी जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील नागरिक असल्याचा पुरावा लागतो. म्हातारी माणसे नागरिकत्वाच्या अशा प्रश्नांनी धास्तावतात. तेव्हा त्यांच्याकडून अस्सल कागद कधीही ताब्यात घेऊ नका, झेरॉक्स तिथेच काढून ते परत करा.