एअर रायफलचा ग्रुप अचानक पसरू लागला, तर बॅरल बदलावी का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलेलं असं: .१७७ म्हणजे ४.५ मिमीची, बॅरल (नळी) मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, कॉक करायची (आतली स्प्रिंग दाबून अडकवायची) स्प्रिंग रायफल आहे. १० मीटरवर पाच छर्रे नखाएवढ्या जागेत बसायचे, आता तीन-चार सेंटिमीटरभर विखुरतात. छर्‍यांच्या या पसार्‍यालाच ग्रुप म्हणतात. स्कोप बदलून झाला, फरक पडला नाही, म्हणून नवी बॅरल घ्यायचा विचार चाललाय.

बॅरल एवढ्यात घेऊ नका. शिसं मऊ, बॅरल पोलादी. शिशाचे हजारो छर्रे झाडले तरी आतल्या रायफलिंगची, म्हणजे छर्‍याला फिरकी देणार्‍या पिळदार खाचांची, झीज जवळजवळ होत नाही. बॅरल बिघडते ती बहुतेक वेळा आपल्याच हातून: चुकीची साफसफाई, तोंडाला बसलेला ठोका किंवा त्यातून मारलेले पोलादी गोल छर्रे. यातलं काही घडलं नसेल तर बॅरल ही शेवटची संशयित.

आधी एक फरक नीट पाहा. छर्रे एकाच जागी पण नेमापासून लांब बसतायत, की चहूकडे पसरतायत? सरकणं आणि पसरणं हे दोन वेगळे आजार आहेत. मोडलेल्या अवस्थेत ट्रिगर ओढला गेला आणि बॅरल झटक्याने मिटली, तर ती वरच्या बाजूला वाकू शकते. पण त्याने नेम सरकतो, ग्रुप सहसा पसरत नाही. तुमचा पसरतोय, म्हणजे दर वेळी काहीतरी वेगळं घडतंय. नेमकं ते शोधायचंय. आणि पाच छर्‍यांवर निकाल देऊ नका, दहा मारा. पाचांचा ग्रुप नशिबानेही छान येतो.

स्टॉकचे स्क्रू, स्कोपचे माउंट आणि बॅरलच्या बिजागरीचा बोल्ट पाच मिनिटांत तपासून होतात. स्प्रिंग रायफलचा झटका आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, त्याने स्क्रू हळूहळू सैल पडतात. बॅरल मिटवून, स्टॉक घट्ट धरून तोंड डावी-उजवीकडे हलवा. किंचितही खटखट जाणवली तर तुमचं उत्तर बहुधा तिथंच सापडलं.

मग रायफल धरण्याची पद्धत. पुढचा भाग टणक टेबलावर टेकवला किंवा मुठीत करकचून आवळला, तर छर्रा नळीत असतानाच रायफल दर वेळी वेगळ्या दिशेने उसळते. तळहात उघडा ठेवा, त्यावर रायफल नुसती विसावू द्या, आणि हात रोज त्याच जागी असू द्या. निव्वळ एवढ्या बदलाने ग्रुप निम्म्यावर आलेले मी पाहिलेत.

आता छर्‍यांकडे, कारण बॅरलची खरी हकीकत तेच सांगतात. डबा नवा उघडल्यापासून त्रास सुरू झालाय का, ते आठवून पाहा. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या छर्‍यांतही लॉट (एका वेळी बनलेली खेप) बदलला की ग्रुप बदलतो. म्हणून तर स्पर्धेतले नेमबाज रायफल शिकंज्यात बसवून वेगवेगळे लॉट तपासतात. त्यांच्या १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो, तिथं अंदाजाने भागत नाही. छर्‍याच्या डोक्याचं माप ४.४९ पासून ४.५२ मिमीपर्यंत मिळतं. दिसायला हे काहीच नाही, बॅरलला मात्र तो फरक लगेच कळतो.

तो तुम्हालाही कळेल अशी चाचणी आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची हीच. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. बॅरल अर्धवटच मोडा, कॉक होऊ देऊ नका. छर्रा बसवा आणि नळीत सहज जाणार्‍या, सरळ लाकडी काडीने मागून तोंडाकडे अगदी सावकाश ढकला. सुरुवातीला जोर लागेल, कारण रायफलिंगच्या कडा शिशात रुतत असतात. त्यानंतर तो एकसारखा सरकायला हवा. बर्‍याच बॅरलमध्ये तोंडाजवळ नळी किंचित आवळलेली असते, तिला चोक म्हणतात. तिथं पुन्हा थोडा अडेल, ते योग्यच आहे. मधेच खरखर जाणवली तर शिसं साठलंय. मधेच एकदम मोकळा सुटला तर त्या जागी नळी रुंदावली आहे, आणि त्यावर खरंच बॅरल बदलणं हाच उपाय.

बाहेर आलेला छर्रा मऊ कापडावर झेला आणि भिंगाखाली धरा. डोक्याभोवती आणि मागच्या घेराभोवती खुणा सारख्या दिसल्या तर उत्तम. फक्त घेरावर खुणा आणि डोकं कोरं असेल, तर डोक्याचं माप लहान पडतंय. तो छर्रा नळीत डुलत जातो आणि बाहेर पडताना दर वेळी वेगळा कलतो. त्याच छर्‍याचं एक माप मोठं घेऊन पाहा. असे चार-पाच छर्रे ढकला, एकावर निष्कर्ष काढू नका.

शिसं साठलं असेल तर सफाई मागून पुढे. मजबूत दोरीला कापडाचा तुकडा बांधून ओढत राहा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. पोलादी ब्रश नको. स्प्रिंग रायफलमध्ये पातळ खनिज तेल सढळ हाताने घालू नका. ते सिलिंडरमध्ये, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या नळकांड्यात, उतरलं की दाबाच्या उष्णतेने पेट घेतं, आणि मग प्रत्येक छर्‍याचा वेग वेगळा. सफाईनंतरचे पहिले वीस-तीस छर्रे इकडेतिकडे जातील, त्यांवरून काही ठरवू नका.

तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ही बॅरलची सर्वांत नाजूक जागा. छर्‍याला नळीचा शेवटचा स्पर्श तिथं होतो. कड एका बाजूला जरी दबलेली असेल, तरी मागची हवा त्या बाजूने आधी निसटते आणि छर्‍याला तिरका धक्का देते. माझ्या पहिल्या रायफलचं हेच झालं होतं. वर्षभर मी पोलादी सळई पुढूनच घालून साफ करत होतो आणि सळई रोज एकाच कडेला घासत होती. ग्रुप इतका हळूहळू पसरला की दोष मी स्वतःच्या हाताला देत बसलो, आणि त्या वर्षाचा सराव वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी कापसाचा बोळा कडेवरून आतून बाहेर फिरवला, तर एका जागी तंतू अडकले. तुम्हीही बोळा पूर्ण गोल फिरवून पाहा. तंतू अडकले तर लेथवर कड नव्याने कापून घ्या, जेमतेम मिलिमीटरभर. फार कापलं तर चोकच निघून जाईल.

बॅरल आणि सिलिंडर जिथं मिळतात, तिथला सीलही पाहा. सांध्यावर टिश्यूची पातळ पट्टी ठेवा, छर्रा भरून सुरक्षित टार्गेटवर मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय. गळती असेल तर वेग कमी-जास्त होतो आणि ग्रुप उभा लांबतो. सील बदलणं नव्या बॅरलच्या मानाने किरकोळ काम आहे. छर्रा न भरता मात्र रायफल कधीही झाडू नका, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला, मग दहा छर्रे मारा, कागदावर तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवा. सगळं एकदम दुरुस्त केलंत तर नेमकं काय बिघडलं होतं ते समजणारच नाही. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

छर्रा ढकलून पाहिल्यावर डोक्यावर खुणा कशा उमटल्या आणि कापूस कुठं अडकला का, एवढं इथं लिहा. त्यावरून पुढचं नक्की सांगता येईल.