हाताचं शिक्षण: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत माध्यमिक शाळांतलं गृहविज्ञान, शिवण आणि बहुकौशल्य या विषयांचे प्रश्न जास्त होते. त्यांतले चार इथे घेतले आहेत.

प्रश्न: संक्रांतीच्या आधी नववीच्या वर्गाकडून शेंगदाण्याची चिक्की करून घेते. गूळ आपल्याकडचाच, चांगला. तरी कधी ती दाताला चिकटते, कधी दोन दिवसांत ओलसर होते, एका वर्षी तर कडू झाली. मुलांना नेमकं प्रमाण काय सांगावं? (गृहविज्ञान शिक्षिका, कागल)

प्रमाण सोपं आहे: भाजून सोललेले दाणे ५०० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, तूप १ टेबलस्पून, पाणी २ ते ३ टेबलस्पून. पण चिक्की बिघडते ती पाकात. पाणी फक्त गूळ विरघळण्यापुरतं असतं, ते पुढे उडून जायला हवं. गूळ विरघळला की एकदा गाळून घ्या, खडा-कचरा निघून जाईल. मग मध्यम आचेवर सतत ढवळत राहा.

१२० अंश सेल्सिअसच्या आसपास पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला तर त्याची गोळी वळते. १३० च्या पुढे तो कडक होतो, पण अजून वाकतो. १४५ ते १५० अंशांना तोच थेंब काडीसारखा कट्‌कन मोडतो. चिक्कीला हाच पाक लागतो. त्याआधी उतरवलेली चिक्की दाताला चिकटणारच, कारण आत पाणी शिल्लक आहे. शेवटच्या टप्प्यात पाक झपाट्याने पुढे जातो, म्हणून थेंब तपासताना भांडं आचेवरून बाजूला घ्या. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा साधा तापमापक मात्र यात बुडवू नका, तो फुटेल. जास्त तापमानाचा स्वयंपाकघरातला तापमापक नसेल तर वाटीभर थंड पाणी पुरेसं आहे.

ओलसरपणाचं कारण गुळातच आहे. त्यात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात पाझरलेला, मऊ पडलेला जुना गूळ म्हणूनच नको. कोमट चिक्की डब्यात भरली तर झाकणाला आतून वाफ धरते आणि तेच पाणी परत चिक्कीवर येतं. ती पूर्ण गार होऊ द्या, मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

कडवटपणा दोन ठिकाणांहून येतो: पाक करपला किंवा दाणा खराब होता. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे भाजण्यापूर्वीच निवडून टाका. बुरशीमुळे तयार होणारं अफलाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही. हे निवडण्याचं काम मुलांनीच करावं, कारण डोळा तिथेच तयार होतो.

आता धडा म्हणून हे कसं घ्यायचं? एकाच गुळाचा पाक तीन टप्प्यांवर उतरवा आणि तिन्ही चिक्क्यांवर चिठ्ठ्या लावा. त्यांतली नीट जमलेली चिक्की घेऊन एक तुकडा उघडा आणि एक डब्यात ठेवा. सुरुवातीला आणि ७ दिवसांनी दोन्हींचं वजन करा. उघड्या तुकड्याचं वाढलेलं वजन म्हणजे त्याने ओढलेली ओल. इतकं वहीत आलं की मूल पुढच्या वर्षी कृती पाठ न करताही चिक्की करेल.

पाट्याला आणि लाटण्याला आधीच तूप लावून ठेवा. पाकात दाणे पडल्यावर ओतून ६ ते ८ मिमी जाडीत लाटा आणि गरम असतानाच सुरीने वड्यांच्या रेघा पाडा, गार झाल्यावर तुकडेच होतील. पाक शिक्षिकेनेच उतरवावा. तो कातडीला चिकटून राहतो, म्हणून भाजलंच तर लगेच नळाच्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरा. टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, हेही आधी विचारून घ्या.

प्रश्न: आमच्या शाळेत पायाने चालवायची ६ शिवणयंत्रं आहेत आणि वर्गात ४० मुलं-मुली. निम्म्या यंत्रांत कापडाखाली दोऱ्याचा गुच्छा होतो. कारागीर येतो, चालू करून देतो, आठवड्यात पुन्हा तेच. (कार्यशिक्षण शिक्षक, शिरोळ)

गुच्छा खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) तपासतात, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसला नसेल किंवा ताण ढिला असेल तर तो खाली ओढला जातो आणि तिथे फासे पडतात. म्हणून आधी दोरा पूर्ण काढून दाबपट्टी (सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी) वर असताना पुन्हा ओवा. पट्टी खाली असली की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा आत जातच नाही. मुलांची चूक हमखास इथेच होते. फासे कापडाच्या वरच्या बाजूला दिसले तर मात्र बॉबिनच्या डबीकडे वळा. भरलेली डबी दोऱ्याला धरून लोंबती ठेवा. ती तशीच टिकायला हवी आणि हलकासा झटका दिल्यावर थोडीशी खाली सरकायला हवी. सरसर घसरली तर ताण कमी, हललीच नाही तर जास्त. डबीचा छोटा स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.

टाके सुटत असतील तर सुई बदला. सुईवरची लांब खाच दोरा ओवण्याच्या बाजूला आणि सपाट बाजू तिच्या विरुद्ध असावी, आणि सुई वरपर्यंत पूर्ण घुसलेली असावी. वॉयलसारख्या पातळ कापडाला ११ नंबर, पॉपलिनला १४, जाड कापडाला १६ नंबर. तेल शिवणयंत्राचंच घाला, खोबरेल गोठून चिकट होतं. आठवड्यातून एकदा कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा धूळ-धागा ब्रशने काढला तरी कारागिराच्या खेपा कमी होतील.

४० मुलांचे ४ गट करा आणि तासाला ते फिरवा: कागदावर आखणी, कापणी, हाताचे टाके आणि यंत्र. यंत्रावर सुरुवातीला दोरा न ओवता रेघांच्या कागदावर चालवू द्या, पायाचा वेग हाती येईपर्यंत. यात वापरलेली सुई बोथट होते, ती कापडाला घेऊ नका.

पहिली वस्तू म्हणून पिशवी उत्तम. ९० सेंमी पन्ह्याच्या १ मीटर कापडात ३८ × ९० सेंमीचे दोन तुकडे आणि उरलेल्या १४ सेंमीच्या पट्टीतून ७ × ५० सेंमीचे चार बंद निघतात, म्हणजे दोन पिशव्या. तुकडा मधोमध दुमडला की तळाला शिवण येत नाही. बाजूंना दीड-दीड सेंमी आणि तोंडाला ४ सेंमी दुमड धरली तर तयार पिशवी ३५ × ४१ सेंमी होते. कापड कापण्याआधी धुऊन वाळवा. सुती कापड आटतं. पन्हा कमी भरला तर तुकडे ३६ सेंमीचे घ्या, बंद मात्र अरुंद करू नका, वजन त्यांच्यावर येतं.

प्रश्न: मुलाने नववीला बहुकौशल्य विषय घेतलाय. पुढे त्याला इंजिनिअरिंगला जायचंय. वेळ वाया जाईल का? (पालक, भुदरगड)

नाही, जर मुलगा स्वतः अवजार हातात घेत असेल तर. या अभ्यासक्रमाचं मूळ पाबळच्या विज्ञान आश्रमात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हा आश्रम १९८३ साली सुरू केला. कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही अभ्यासक्रमाची चार अंगं. भुदरगडकरांना हा विचार परका नसावा, गारगोटीचं मौनी विद्यापीठ ज्या शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी उभं केलं तेही शिक्षण गावाच्या कामाशी जोडू पाहत होते.

दोन वर्षांत मुलगा फिटर किंवा वायरमन होणार नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. पण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात व्हर्नियर कॅलिपरने ०.०२ मिमीपर्यंत माप घेतलं जातं. ते वाचायला नववीत शिकलेला मुलगा पदविकेत किंवा पदवीत चाचपडत नाही. शाळेत जाऊन मुलाची प्रात्यक्षिक वही बघा. सगळ्यांच्या वहीत एकच माप, एकच आकृती असेल तर काम फळ्यावर झालंय. मापं थोडीफार वेगळी आणि खाडाखोड असेल तर ते हाताने झालंय.

प्रश्न: मुलांकडून वायरिंगचा बोर्ड करून घ्यायची भीती वाटते. सुरक्षित पद्धत सांगाल का? (शिक्षिका, पन्हाळा)

बोर्ड तयार होईपर्यंत वीज जोडूच नका. प्लायवुडवर एक स्विच, एक होल्डर आणि एक तीन पिनचा सॉकेट बसवा. दिव्याला १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर पुरते. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. फेज स्विचमधूनच जायला हवी. स्विच न्यूट्रलवर लागला तरी दिवा चालू-बंद होतो, त्यामुळे चूक कळत नाही आणि स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज राहते. वायर स्क्रूत मावेल तेवढीच सोला, बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये.

आधी मल्टिमीटरने जोडणी तपासा. नंतर शिक्षकांनी १०० वॉटचा तंतूचा दिवा मालिकेत, म्हणजे वीज आधी त्यातून जाऊन मग बोर्डात येईल असा, ठेवून वीज द्यावी, एलईडी इथे चालणार नाही. बोर्डावर दिवा किंवा उपकरण न लावता स्विच दाबल्यावर मालिकेतला दिवा पूर्ण तेजाने पेटला तर बोर्डात शॉर्ट आहे. तो दिवा प्रवाह अडवतो, म्हणून फ्यूज उडत नाही की ठिणगी पडत नाही. न पेटल्यास होल्डरमध्ये तितक्याच वॉटचा दुसरा तंतूचा दिवा लावा, दोन्ही मंद पेटले की बोर्ड बरोबर. वर्गाच्या पुरवठ्याला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) हवाच. त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि पन्हाळ्याच्या पावसाळ्यात फरशी दमट असते, तेव्हा हे काम रबरी चटईवर उभं राहून, कोरड्या हातांनीच करवून घ्या.