चालवण्याआधी सांगता येतंय का?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या सत्राला प्रोग्रॅमिंग कोणत्या भाषेत शिकवावं, पायथन, जावा की सी, यावर फायद्या-तोट्यांचा तक्ता झकास मांडलायस. फक्त त्यात शिकणारा मुलगा कुठे दिसला नाही.

नोकऱ्यांचा रकाना आधी खोड. अमेरिकेतली एपी संगणकशास्त्राची परीक्षा (शाळेतल्या मुलांसाठी, कॉलेजच्या पातळीची) १९८४ साली पास्कल भाषेवर सुरू झाली, १९९९ला सी प्लस प्लसवर गेली आणि २००४ला जावावर. बाजाराच्या मागे धावायचं तर किती धावशील? आणि अमेरिकेतल्या एमआयटीनं स्कीम ही भाषा सोडून पायथन घेतली, हे कारण मला पुन्हा सांगू नकोस. तुझा वर्ग तिथला नाही.

मी एकच गोष्ट बघतो. प्रोग्रॅम चालवण्याआधी तो काय छापेल, हे मुलाला कागदावर सांगता येतंय का?

जावात पहिल्याच तासाला ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ फळ्यावर येतं आणि आपण म्हणतो, ‘सध्या तसंच लिहा, नंतर सांगतो.’ सीमध्ये माहिती आत घेणाऱ्या स्कॅनएफच्या आतल्या ॲम्परसँडचं, म्हणजे & या चिन्हाचं, तेच. ज्या ओळीचा अर्थ माहीत नाही, ती कागदावर चालवणार कशी?

मग पायथन निर्धोक? अजिबात नाही. ‘ए’ मध्ये १, २, ३ अशी लिस्ट ठेव. ‘बी = ए’ लिही. ‘बी’ला ४ जोड आणि ‘ए’ छापायला सांग. मुलं ठामपणे १, २, ३ लिहितील. पडद्यावर शेवटी ४ही येईल. लिस्ट एकच, नावं दोन. हे चित्र काढून न दाखवता पुढे गेलास, तर सत्रभर मुलं अंदाजपंचे कोड बदलत बसतील, चालेपर्यंत. त्याला मी प्रोग्रॅमिंग म्हणत नाही.

तरी घे पायथनच. पण थोडी घे. व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन, लिस्ट, बस. लायब्ररीला, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडला, हात लावू नकोस. रंगीत आलेख काढून मुलं खूश होतात, हे मलाही ठाऊक आहे; त्यातलं चालवण्याआधी त्यांना काय सांगता येतं, ते विचार.

आमच्या विभागात सगळे सी प्लस प्लसकडे वळले तेव्हा मी पास्कलला चिकटून राहिलो. जुनाट म्हणाले. म्हणोत. पास्कलचं प्रेम नव्हतं मला. माझी मुलं प्रत्येक ओळीनंतर व्हेरिएबलमध्ये काय आहे त्याचे तक्ते हातानं भरायची, ते मोडायचं नव्हतं. खंत वेगळीच आहे. ‘प्रोग्रॅम चालला की पूर्ण गुण’ हा प्रात्यक्षिक परीक्षेतला नियम मला शेवटपर्यंत हलवता आला नाही. तू नवा आहेस, तुझं कदाचित ऐकतील. निम्मे गुण कागदावरच्या उत्तराला मागून बघ.

तुझा तो फायद्या-तोट्यांचा तक्ता आता ठेवून दे. पहिल्या महिन्याची प्रात्यक्षिकं लिहून पाठव, आणि प्रत्येकापुढे मुलाला चालवण्याआधी काय सांगता यायला हवं, तेही लिही. भाषेचं नाव नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
सर