वरातीच्या गाडीवर डीजेसाठी छोटा पीसी जोडायचा आहे, कोणते पार्ट घ्यावे?

ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नका. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर (६ कोर, ६५ वॅट) पुरे, डिस्प्ले त्यातच मिळतो. सोबत मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड आणि ८-८ जीबीच्या दोन रॅम. एकच १६ ची लावली तर ग्राफिक्स मंदावतात. गाणी एनव्हीएमई एसएसडीवरच (आत फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) ठेवा. पांदणीच्या रस्त्यावर, बेसच्या धक्क्याने फिरती हार्डडिस्क टिकत नाही.

खरा घोळ जनरेटरचा. लोड बदलला की व्होल्टेज अन् फ्रिक्वेन्सी हलते, साधा यूपीएस सारखा बॅटरीवर जातो आणि ऐन नाचात बॅटरी संपते. ऑनलाइन यूपीएस (येणारी वीज सतत नव्याने स्थिर करून देणारा) महाग पडतो, पण घ्याच.

बोर्डाच्या ऑडिओ जॅकवरून मिक्सरला वायर दिली की घूंऽऽ येते. हा ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. यूएसबी ऑडिओ इंटरफेस (बाहेरचं साउंड कार्ड) आणि मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वायरीतली थेट विद्युत जोडणी तोडणारा डबा) लावा. बफर (आवाज पाठवण्याआधी पीसी साठवतो तो तुकडा) २५६ सॅम्पल ठेवा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ५.८ मिलिसेकंद उशीर. तरी तडतडलं तर वाय-फाय आणि विंडोजमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सेटिंग) बंद करा.

मे महिन्यात विदर्भात ४५ अंश असतं, त्यात धूळ. कॅबिनेट जाळीचं, फिल्टर सुटणारा हवा. काचेचं दिसतं झकास, आत भट्टी होते.