वाचक विचारतात: नांदरुकावरचा दांडगा पक्षी

प्रश्न (एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर): नमस्कार दादा. आमच्या काजूच्या बागेच्या कडंला जुनं नांदरुक हाय, फळं पिकली की त्याच्यावर एक दांडगा पक्षी येतोय, काळा-पांढरा, भली मोठी पिवळी चोच, उडाला की पंखांचा आवाज लांबनं कळतोय. आजोबा म्हणतात गरुड. ह्याची मादी बेहड्याच्या ढोलीत कोंडून घेतलीय अन् नर फटीतनं तिला भरवतोय, हे मी स्वतः बघितलो. नराला काय झालं तर तिचं काय ओ? अन् ह्याचं तेल गुडघ्याला चालतंय म्हणतात, खरं काय?

उत्तर: आजोबांना सांगा, गरुड नव्हे, धनेश. आपल्याकडं खानापूरपासून दांडेलीपर्यंत धनेशाच्या चार जाती दिसतात त्यामुळं गोंधळ होतोच, पण तुम्ही मान बघा. मान पिवळसर-पांढरी अन् पांढऱ्या शेपटीवर एकच काळा पट्टा असला तर राज धनेश, मान काळीभोर अन् पोट पांढरं असलं तर मलबारी कवड्या. पंखांचा आवाज लांबनं येतोय म्हणताय म्हणजे मला तरी राज धनेशच वाटतोय, चोचीपासून शेपटीपर्यंत एक मीटरच्या आसपास भरतो, वजन तीन किलो धरा. डोळा लाल दिसला तर नर, मादीचा पांढुरका असतो.

आता ढोलीचं. नर कोंडतो असं बरेच जण समजतात, पण तसं नाही, मादीच आत बसून स्वतःची विष्ठा अन् फळांचा गर लिंपून तोंड बुजवते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. अंडी एक किंवा दोन, उबवायला ३८ ते ४० दिवस, अन् पिल्लू निम्मंअर्धं वाढेपर्यंत ती आतच. ह्याच काळात तिची पिसं झडून नवी येतात. म्हणजे नर मेला तर भिंत ती फोडेल हो, पण धड उडता येत नसलेली मादी पिल्लाला काय भरवणार अन् स्वतः काय खाणार? एक नर मारला की अख्खं घरटं गेलं असंच धरून चाला. गंमत म्हणजे मादी बाहेर आली की आतलं पिल्लू ते तोंड परत लिंपून घेतंय, शिकवायला कोण नसताना!

नर फळं गळ्यात भरून आणतो अन् एकेक वर काढून फटीत देतो. तुम्ही मोबाईल घेऊन खोडाजवळ उभं राहिला तर तो बिचकून लांबच बसून राहील, म्हणून बागेतनंच बघा. पिल्लं उडून गेल्यावर मात्र बेहड्याखाली जरूर जावा, तिथं बियांचा खच असतोय, काही रुजलेल्याही दिसतील. भीमगडच्या रानात मोठ्या बियांची झाडं लांब लांब पसरायला ह्यांचा मोठा हात आहे. बेहडा पोकळ झालाय म्हणून तोडायचा विचार घरात चालला असेल तर तेवढा थांबवा, ढोली टिकली तर जोडी वर्षानुवर्षं तिथंच येते, अन् एवढी मोठी ढोली कोवळ्या झाडात मिळत नाही.

राहिलं तेल. गुडघ्याला त्याचा काय उपयोग नाही ओ, अन् १९७२ च्या वन्यजीव कायद्यात राज धनेश पहिल्या अनुसूचीत आहे, मारला की सरळ जेल. कोण बाटली घेऊन दारात आला तर वन खात्याला फोन लावा, अन् गुडघ्यासाठी बेळगावात हाडाचे डॉक्टर काय कमी आहेत काय?